डाव्या चाकाचा आवाज

माझं काम कानांचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, आतून सगळीकडून स्पंज लावलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेबाहेर बसून मी एकेक आवाज सोडायचा. आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. पंधरा वर्षं मी हेच करते आहे. कोण ऐकतंय आणि कोण ऐकल्याचं सोंग करतंय, हे मला चेहऱ्यावरून कळतं.

माझ्या सासऱ्यांना त्या खोलीत बसवायला मला दोन वर्षं लागली. बसले तेही असे, की जणू माझ्यावर उपकार करताहेत. छत्तीस वर्षं त्यांनी नकाशे छापणाऱ्या छापखान्यात काढली होती, यंत्रांच्या शेजारी उभं राहून. तपासणीत ते दर वेळी अचूक बटण दाबायला लागले, तेव्हा मला शंका आली. मग लक्षात आलं, काचेत माझ्या हाताचं प्रतिबिंब पडत होतं आणि बाबा ते बघून बटण दाबत होते. मी हात टेबलाखाली घेतला आणि बारीक आवाज एकामागून एक सोडत गेले. बाबा समोर बघत शांत बसून राहिले. त्यांना वाटलं, मी अजून सुरूच केलं नाही.

त्यांना जाड आवाज चांगले ऐकू येतात. बारीक गेले. बोलण्यातले स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यामुळे मधला अर्धा भाग ते अंदाजानं भरतात, आणि माणूस हुशार असल्यामुळे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. श्रवणयंत्राचं नाव काढलं की मात्र म्हणायचे, "मला गाडी ऐकू येते ना? मग झालं."

गाडी म्हणजे त्यांची दोन माणसांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार. फिकट हिरवी, लांब नाकाची, वयानं माझ्या नवऱ्याहून मोठी. सासूबाई तिला सवत म्हणतात. "माझ्यावर कधी एवढं पॉलिश केलं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. वीस वर्षांपूर्वी बाबांनी ती कुठल्याशा गोदामातून आणली, तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांचा संसार होता. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी ती एकट्यानं उभी केली.

तिच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून एक दोरी ओढायची. टप चढवायला चार हात लागतात, आणि चढवला की आत वाकून बसावं लागतं. पेट्रोलचा काटा चढावर भरलेला दाखवतो, उतारावर रिकामा. गिअर उतरवताना क्लच दोनदा दाबावा लागतो, नाहीतर आतून कोणी दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. गरम इंजिन बंद केलं की अर्धा तास ती ढिम्म हलत नाही, कितीही विनवण्या करा. पेट्रोलचा पंप किल्ली फिरवल्यावर टिकटिकतो आणि ती टिकटिक थांबली की समजायचं, आता सुरू करायला हरकत नाही. बाबा अलीकडे किल्ली फिरवून मागच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे. सगळ्यांना वाटायचं, लाडानं थोपटताहेत. मला माहीत होतं. टिकटिक ऐकू येत नव्हती, ती ते हातानं चाचपत होते.

आणि चाकं. तारांची चाकं, सायकलसारखी. प्रत्येक चाक मधोमध एकाच मोठ्या नटानं धरलेलं. नटाला दोन पंख असतात. तांब्याच्या हातोडीनं त्या पंखांवर ठोकून तो आवळायचा. कुठेही निघण्याआधी बाबा चारही चाकांभोवती ती हातोडी घेऊन फिरायचे. टण, टण, टण. शेजारचे वैतागायचे.

त्या रविवारी जुन्या गाडीवाल्यांचा मेळावा होता, डोंगरापलीकडच्या धरणावर. दरवर्षी बाबा एकटे जायचे. या वर्षी माझ्या नवऱ्यानं हात टेकले होते. वडिलांशी वाद घालून उपयोग नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. "एकटे जाऊ नका, एवढंच सांगतो," तो म्हणाला. आमची मुलगी नऊ वर्षांची. तिनं आजोबांच्या शेजारची जागा आठवडाभर आधीच धरून ठेवली होती. शनिवारी तिला ताप भरला. मग त्या जागेवर मी गेले.

जाताना मजाच आली, हे कबूल करायला हवं. इतक्या खाली बसून रस्ता बघितला की चाळीसचा वेगही ऐंशीसारखा वाटतो. पाय इंजिनाच्या उष्णतेनं भाजत होते आणि तोंड वाऱ्यानं गारठलं होतं. बाबा तरण्या माणसासारखे बसले होते. चढावर रस्ता दुरुस्तीवाल्यांची एक पत्र्याची शेड लागली, तिथं थांबून त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी घातलं. मुकादमानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काका, ही विकायची झाली तर?"

"आधी मला विकतील," बाबा म्हणाले.

धरणावर तीस-एक गाड्या होत्या. बाबांचे दोस्त भोंगाकाका तिथं भेटले. त्यांच्या गाडीचा भोंगा एवढा मोठा, की माणसाचं मूळ नाव सगळे विसरलेत. जेवणाआधी मी तोंड धुऊन आले, तर बाबा हातोडी घेऊन आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसलेले दिसले. मला बघून पटकन उठले.

"काय झालं?"

"काही नाही गं. सवय."

मीही पुढं विचारलं नाही.

तीनच्या सुमारास धुकं उतरायला लागलं. भोंगाकाका म्हणाले, सगळे एकत्र निघू. पण बाबांना पुढं निघायचं होतं. धुकं वाढण्याआधी घाट उतरू, म्हणाले. घाईत त्यांनी निघण्याआधीची हातोडीची फेरी मारली नाही. मारली असती तरी काय झालं असतं, ते मला आता कळतं. तेव्हा मात्र मला हायसंच वाटलं.

उताराच्या दुसऱ्या वळणावर मला आवाज आला.

टिक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टिक.

आधी वाटलं, पेट्रोलचा पंप. पण पंप मागं असतो, आणि हा आवाज पुढून, डावीकडून, माझ्या गुडघ्यापलीकडून येत होता. बाबांनी वळणावर गाडी हळू केली की टिकटिकही हळू व्हायची. सरळ रस्त्यावर वेग आला की तीही घाई करायची. म्हणजे आवाज चाकाचा होता.

"बाबा, चाकातून आवाज येतोय!"

"काय?"

"चाक! आवाज!"

"तारा बोलतात," ते म्हणाले. "तारांची चाकं आहेत. थंडी पडली की बोलतात."

त्यांना तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या कानांचा आलेख मी स्वतः काढला होता. कुठली रेघ कुठं खाली कोसळते, मला पाठ होतं. इंजिनाचा घोगरा आवाज त्यांना भरपूर मिळत होता, म्हणून त्यांना वाटत होतं, सगळंच मिळतंय.

धुकं दाट झालं. डावीकडे दरीच्या कडेचे पांढरे दगड एकेक करून समोर यायचे आणि मागं जायचे. त्यांच्यापलीकडे काहीच नव्हतं. उजवीकडे डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पाण्याची चारी. गाडीचे दिवे लावले होते, पण ते दिवे म्हणजे दोन मेणबत्त्या. टिकटिकीचं आता टक-टक झालं होतं. पायाखालचा पत्रा त्या ठोक्याला कापत होता. बाबांनी ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी किंचित सरकल्यासारखं वाटायचं. मी दाराच्या कडेला दोन्ही हात लावून बाहेर वाकले. या गाडीचं दार इतकं बुटकं, की छातीपर्यंत बाहेर वाकता येतं.

चाक फिरत होतं. मधल्या नटाचे पंख त्याच्याबरोबर गरगरत होते. आणि ते पंख टायरच्या बाहेर, बरेच बाहेर आले होते. सकाळी तसे नव्हते. मी बघत असतानाच चाकाची वरची कड आत-बाहेर झुलली, सैल झालेल्या दातासारखी.

मी झटक्यात आत आले आणि बाबांकडे वळले.

"बाबा," मी ओरडले, "थांबा!"

"हो ना," ते हसून म्हणाले, "लांब आहे अजून."

"थांबा! थांबा!"

"अगं, लांब असलं तरी तासाभरात पोचू."

हसू नका. मला आजही हसू येत नाही. मी त्यांच्या दंडाला धरलं. पुढं वळण होतं, त्यांचा हात गिअरवर होता, त्यांनी तो झटकला. "वळणावर नको!" असं ओरडले, तेही रागानं. त्यांचे डोळे रस्त्यावर होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर ओठांवरून कळलं असतं, पण धुक्यात कुठला चालक शेजारच्याच्या तोंडाकडे बघेल?

किल्ली डॅशबोर्डच्या मधोमधच होती, दोन घड्याळांच्या खाली. गरम इंजिन बंद केलं की ते परत लागणार नाही, हे मला माहीत होतं. आपण वळणावर आहोत, हेही दिसत होतं. मी हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन गेलं. जगातला सगळा जाड आवाज एकदम बंद पडला आणि त्या शांततेत चाकाची टक-टक, टक-टक एवढीच उरली. बाबांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी तळहात उभा धरला आणि ओठ मोठे करून म्हणाले, "ब्रेक. हळू."

त्यांनी काय ओळखलं माहीत नाही, पण पाय हळू दाबला. गाडी हेलकावत, कुरकुरत, त्या वळणाच्या पोटातच थांबली.

"वेड लागलं का तुला?"

मी दोरी ओढून उतरले आणि चाकाकडे बोट दाखवलं.

बाबा आले. वाकले. नटाला हात लावला. त्यांनी बोटांनी तो पुढं फिरवला, आणि तो फिरला. हातोडीनं ठोकून बसवायचा नट, बाटलीचं झाकण फिरावं तसा दोन बोटांनी फिरला. अडीच फेरे तो आवळत गेला. निघून पडायला दीड-दोन फेरे राहिले असतील.

उठून पलीकडच्या बाजूला गेले. उजव्या चाकाचा नट धरला. तोही हातानंच फिरला, अर्धा फेरा. तेव्हा ते तिथंच रस्त्यावर उकिडवे बसले.

एक नट सैल झाला तर माणूस विसरला म्हणता येतं. दोन्ही पुढचे नट एकदम सैल झाले, याचा अर्थ वेगळा होता, आणि तो त्यांना बसल्या जागी समजला होता. मला नंतर समजावून सांगितला त्यांनी. डाव्या चाकाचे आटे एका दिशेनं असतात, उजव्याचे उलट्या दिशेनं, म्हणजे गाडी पुढं जाताना नट आपोआप आवळत राहतात. महिन्यापूर्वी त्यांनी पुढची दोन्ही चाकं उतरवून बेअरिंग बदलली होती. चाकं ज्यांवर बसतात ते आट्यांचे दोन हब आणि त्यांचे नट साफ करायला एकाच थाळीत ठेवले होते. परत बसवताना डाव्याचा उजवीकडे गेला, उजव्याचा डावीकडे. तेव्हापासून गाडी पुढं चालली की नट सुटत होते. प्रत्येक किलोमीटरला थोडेथोडे.

पण हे नंतरचं. त्या घडीला आम्ही वळणावर होतो, इंजिन मेलेलं होतं, गाडी माझ्या कमरेएवढी उंच आणि रंग धुक्यात मिसळणारा. वरून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसली असती तीही तिच्यावर चढल्यावर.

"शेड," मी त्यांच्या समोर बसून म्हणाले, तोंड दिसेल असं. "सकाळची शेड. इथून खाली किती?"

त्यांनी डोळे मिटले. छत्तीस वर्षं नकाशे छापलेला माणूस. "हे वळण, मग सरळ, मग शेड. तीनशे मीटर. फार तर चारशे."

"नट ठोका. ढकलत नेऊ."

"उतार आहे. ढकलायला नको, ब्रेक सोडला की जाईल." त्यांनी डिकीतून हातोडी आणली. पहिला घाव घालायला उचलली आणि हात हवेत थांबला. मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं घाव घातला. दोन्ही नट ठोकले. एक घाव चुकून तारांवर बसला.

आता प्रश्न होता कोण कुठं. मी स्टिअरिंगवर बसते, तुम्ही मागं उभे राहून ट्रकवर लक्ष ठेवा, असं मी बोलून गेले आणि बोलता बोलताच थांबले. मागून ट्रक आला तर त्यांना ऐकू येणार नव्हता. धुक्यात दिसण्याच्या किती आधी ट्रक ऐकू येतो, हे मला माहीत होतं. त्यांनाही कळलं मी का थांबले ते. त्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं जाऊन स्टिअरिंगमागं बसले.

पण मला ऐकू आलं तरी त्यांना सांगणार कसं? माझी हाक त्यांना लांब, थांब, काहीही वाटली असती. मी त्यांच्या बाजूला, उघड्या दाराशी उभी राहिले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्यांना वाकून नमस्कार करते, हातात चहा देते. खांद्यावर हात कधी ठेवला नव्हता. खांदा मला वाटला होता त्याहून खूप बारीक होता.

"एकदा दाबलं की थांबा," मी त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाले. "जोरात उजवीकडे ओढलं की चारीत घाला. विचार करू नका."

"गाडी चारीत?"

"चारीत."

त्यांनी मान हलवली.

ब्रेक सुटला. गाडी माणसाच्या चालीनं निघाली. मी शेजारून चालत होते, मान मागं वळवून, डोळे अर्धे मिटून, फक्त ऐकत. चाकाच्या तारा कुरकुरत होत्या. कुठंतरी डोंगरातून पाणी ठिबकत होतं. माझ्या स्वतःच्या छातीचे ठोके मध्ये येत होते, आणि मला त्यांचा राग येत होता. थोडं चाललो, मी खांदा दाबला, थांबलो, नट बघितले. परत निघालो. त्या रस्त्यावर मुलीचा विचार करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. तरी तो आला. ती या सीटवर असती तर तिनं "आजोबा, टिकटिक होतंय" म्हटलं असतं, आणि आजोबा म्हणाले असते, तारा बोलतात. तिचा विश्वास बसला असता. ती किल्लीला हात लावणाऱ्यातली नाही.

वळण संपलं. सरळ रस्ता लागला. आणि तेव्हा मला तो ऐकू आला.

फार वर. दोन वळणं वर असेल. गिअरमध्ये उतरणाऱ्या जड ट्रकचं ते लांब हुंदक्यासारखं घुरघुरणं, आणि मध्ये ब्रेकच्या हवेचा फुस्स. मी पुढं बघितलं. धुकं. शेड दिसत नव्हती. शंभर मीटर असेल, दोनशे असेल. चालीनं पोचणं शक्य नव्हतं. वेग वाढवला तर चाकाचं काय होईल, सांगता येत नव्हतं.

घुरघुर एका वळणानं खाली आली.

मी त्यांचा खांदा धरून सगळ्या जोरानं उजवीकडे ओढला.

त्यांनी एक क्षणही लावला नाही. वीस वर्षं ज्या पत्र्यावर त्यांनी माशी बसू दिली नव्हती, तो घेऊन ते थेट चारीत गेले. पुढचं उजवं चाक खाली आपटलं, पत्रा दगडावर घासत गेला, गाडी एका कुशीवर कलली. मी दाराला धरून त्यांच्याबरोबर फरपटत गेले आणि डोंगराच्या ओल्या मातीवर आदळले. पायात चमक भरली. मी उठले, पर्समधला मोबाइल काढून त्याचा दिवा लावला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून हलवत राहिले.

ट्रक आला तो आधी वासानं, तापलेल्या ब्रेकच्या. मग दोन पिवळे डाग. मग एकदम सगळाच. त्यानं मला बघून कर्कश हॉर्न मारला आणि दरीकडच्या बाजूला घेऊन, आमच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं माझा दिवा धरलेला हात मागं फेकला गेला. आम्ही रस्त्यावर असतो तर त्याला वळवायला जागा नसती.

बाबा गाडीत तसेच बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कललेले. हॉर्न त्यांना ऐकू आला होता.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"अजून आहेत?"

मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "नाही."

मग ते रडायला लागले. आवाज न करता. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. त्यांना तेच बरं वाटणार होतं.

शेडमध्ये मुकादमानं चहा दिला, माझ्या पायाला ओलं फडकं बांधलं आणि वर दोन माणसं पाठवून रस्त्यावर लाल पिंपं ठेवली. थोड्या वेळानं भोंगाकाका आणि बाकीचे त्या पिंपांमुळेच सुखरूप खाली आले. मी नवऱ्याला फोन केला. तो टोचण करून नेणारी गाडी घेऊन निघतो म्हणाला. बाबा कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते, कप हातात तसाच. मी शेजारी बसले तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"जेवणाआधी डावा नट सैल लागला होता. मी ठोकला. तुला सांगितलं नाही."

"मी विचारलं होतं, बाबा."

"हो. विचारलंस." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि खरं सांगू? महिनाभर हातोडी मारताना हाताला काहीतरी उलटं वाटत होतं. वीस वर्षं ज्या बाजूनं मारतो त्याच्या दुसऱ्या बाजूनं मारावी लागत होती. मला वाटलं, मलाच आठवत नाही. अलीकडे विसरतो मी. परवा आपल्या घराचा मजला विसरलो, जिन्यात उभा राहिलो. म्हणून वाटलं, हेही तसंच. गाडी बरोबर असेल, मी चुकत असेन. कोणाला विचारायची भीती वाटली. विचारलं तर तुम्ही म्हणाल, झालं यांचं."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. मुलीचा विचार दाबून ठेवला होता, तो वर आला. "आज तिथं ती बसली असती," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

"तेच," ते म्हणाले. "तेच चाललंय मघापासून."

नवरा आला तेव्हा साडेपाच वाजले होते. मी उठायच्या आधी बाबा उठले आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं, हबपासून जिन्यापर्यंत, उभ्यानं, छापखान्यातली चूक साहेबाला सांगावी तसं. नवऱ्याच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. तो बोलायला लागणार, असं मला वाटलं. त्यानं एकदा माझ्या पायाकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि म्हणाला, "चला घरी. थंडी आहे." परतीच्या रस्त्यावर आम्ही नवऱ्याच्या गाडीत होतो. टोचण गाडीवर ती हिरवी गाडी आमच्या पुढं चालली होती, एक दिवा फुटलेला.

नंतरचं थोडं राहिलं. डॉक्टरांनी बाबांच्या विसरण्याच्या तपासण्या केल्या. वयाच्या मानानं ठीक आहे, लक्ष ठेवा, म्हणाले. म्हणजे नक्की काय, ते कोणालाच कळलं नाही. श्रवणयंत्राचं अजून जमलेलं नाही. रोज सकाळी घालतात, दुपारी खिशात असतं. मला बरेच दिवस चालत्या वाहनात बसवत नव्हतं. बसमध्येही मी टिक ऐकायचे. दवाखान्यात पेशंटनं बटण दाबलं की दचकायचे.

बाबांनी हब पुन्हा उतरवले. या वेळी एकट्यानं नाही. बाजारामागं एक बाई जुन्या ट्रॅक्टरचं काम करते, तिला घरी बोलावलं. ती त्यांच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान, आणि तिनं त्यांना दोनदा दटावलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. डाव्या हबवर तिनं पांढऱ्या रंगानं "डावा" लिहिलं, उजव्यावर "उजवा". बाबांना ते फार लागलं असणार. पण त्यांनी पुसलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येतो. येतेस?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता मला. "नाही, बाबा. मला भीती वाटते."

"मलाही," ते म्हणाले.

ते एकटे गेले, सायकलच्या वेगानं. मी खाली इमारतीच्या फाटकाशी उभी राहिले. आवाज पहिल्या कोपऱ्यावर गेला, शाळेच्या भिंतीमागं बुडाला, मग पाण्याच्या टाकीपाशी परत वर आला. मी त्यातला प्रत्येक तुकडा सोलून बघत होते. सासूबाई मागं येऊन उभ्या होत्या, त्या दिवशी त्यांनी कुठलाच विनोद केला नाही.

पाच मिनिटांनी गाडी परत आली. बाबा उतरले, आणि आधी पुढच्या डाव्या चाकापाशी वाकून नटावर तळहात ठेवला, मग उजव्या, मग मागच्या दोन्ही. सावकाश, एकेक. उठताना गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि माझ्याकडे वळले.

"तूही बघ," ते म्हणाले.

मी खाली बसले आणि बघितलं.